प्रार्थनेची भाषा : बल्गेरियातील एक दिवस

युरोपच्या यात्रेला निघणारे आपले भाविक बहुधा रोम, असिसी, लूर्द, फातिमा या वाटेने जातात. बल्गेरियाची वाट फारसे कोणी धरीत नाही. आम्हीही तेथे पोहोचलो ते काहीशा योगायोगानेच. राजधानी सोफियात एक मोकळा दिवस हाती आला आणि सकाळी निघून रात्री परतणाऱ्या एका छोट्या सहलीत आम्ही नावे नोंदवली. सकाळी कोप्रिवश्तित्सा हे डोंगरातले जुने गाव, दुपारनंतर प्लोवदिव हे प्राचीन शहर आणि मग परतीचा प्रवास, असा सरळ कार्यक्रम होता.

मार्गदर्शक म्हणून प्लोवदिवचीच एक मध्यमवयीन बाई सोबत होती. बस शहराबाहेर पडली तशी तिने प्रत्येकाची विचारपूस केली. आम्ही वसईचे कॅथलिक आहोत असे कळताच तिने विचारले, "तुम्ही प्रार्थना कोणत्या भाषेत करता?" आम्ही सांगितले, "मराठीत. आमच्या मातृभाषेत." यावर तिने मान आडवी हलवली. तिला आमचे म्हणणे पटले नाही की काय, असे क्षणभर वाटले. बल्गेरियात होकार देताना मान आडवी हलवतात, हे मागाहून कळले. ती म्हणाली, "मग आमचा इतिहास समजायला तुम्हाला जड जाणार नाही."

या उद्गाराचा अर्थ दिवसभरात हळूहळू उलगडत गेला.

सोफियाच्या पूर्वेस सुमारे ११० किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा या डोंगररांगेत, हजारएक मीटर उंचीवर कोप्रिवश्तित्सा वसले आहे. तोपोल्नित्सा नावाची लहानशी नदी गावाच्या मधून वाहते. दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, त्यांच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या भिंती आणि त्या भिंतींत जाडजूड लाकडी दरवाजे. रस्त्यावरून चालताना गाव जणू आपल्याकडे पाठ फिरवून बसले आहे असे वाटते. पण दरवाजा उघडून आत जावे तो फुलांनी भरलेले अंगण आणि निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत रंगवलेली दुमजली घरे समोर उभी राहतात. ही घरे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यास बांधली गेली. मेंढ्यांचा आणि लोकरीचा व्यापार करून सधन झालेल्या कुटुंबांची ती घरे. १८५०च्या दशकात उभे राहिलेले ओस्लेकोव यांचे घर पाहिले तर दर्शनी भिंतीवर दूरदेशीच्या नगरांची चित्रे काढलेली दिसतात. घर डोंगरातले, पण मालकाची नजर साऱ्या जगावर.

गावातले मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचे चर्च १८१७ सालचे आहे. निळ्या रंगाचे हे मंदिरही उंच भिंतीआड, जरा अंग चोरूनच उभे आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरिया ओटोमन तुर्कांच्या अमलाखाली गेला आणि जवळजवळ पाचशे वर्षे तो त्या अमलाखाली होता. या काळात नवे चर्च बांधायचे तर परवानगी लागे आणि त्याच्या उंचीवर बंधने असत. म्हणून चर्च बाहेरून दबलेले आणि आतून सजलेले, असा प्रकार या देशात ठिकठिकाणी आढळतो.

तथापि बल्गेरियन ख्रिस्ती माणसाची अडचण केवळ परधर्मीय राज्यकर्त्यांपुरती नव्हती. ती त्याच्या ख्रिस्तसभेतही होती. नवव्या शतकात संत सिरिल आणि संत मेथोडियस या बंधूंनी स्लाव लोकांसाठी लिपी तयार केली आणि उपासना त्यांच्या भाषेत नेली. पोप हेड्रियन दुसरे यांनी त्या उपासनेला मान्यता दिली. संत सिरिल ८६९ साली रोममध्ये निवर्तले आणि तेथील संत क्लेमेंटच्या मंदिरात त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या शिष्यांना ८८६ साली बल्गेरियाच्या बोरिस राजाने आश्रय दिला आणि तेथून स्लाव भाषेतील धर्मग्रंथ सर्वत्र पसरले. असा वारसा लाभलेल्या लोकांवर तुर्की अमदानीत कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्माधिकाऱ्यांची सत्ता आली आणि अनेक ठिकाणी वेदीवरची भाषा ग्रीक झाली. शेतकरी गुडघे टेकून प्रार्थना ऐके, पण तिचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

१७६२ साली पायसी हिलेंदार्स्की या संन्याशाने आपल्या लोकांचा इतिहास त्यांच्या भाषेत लिहिला आणि स्वतःची भाषा बोलण्याची लाज बाळगू नका, असे त्यांना कळकळीने बजावले. त्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती मठामठांतून आणि गावोगावी फिरल्या. पुढे शाळा निघाल्या. कोप्रिवश्तित्साची शाळा १८३७ सालची असून तिला संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचेच नाव आहे. अखेर १८७० साली सुलतानाच्या फर्मानाने बल्गेरियन लोकांना स्वतःची स्वतंत्र धर्मव्यवस्था मिळाली. राजकीय स्वातंत्र्य त्यानंतर आठ वर्षांनी आले. आधी प्रार्थना मोकळी झाली आणि मग देश, हा क्रम आम्हाला लक्षणीय वाटला.

त्या स्वातंत्र्याची पहिली गोळी याच गावात झाडली गेली. २० एप्रिल १८७६ रोजी, म्हणजे आजच्या पंचांगाप्रमाणे २ मे रोजी, एप्रिल उठावाला येथे तोंड लागले. तोदोर काब्लेश्कोव या तरुण पुढाऱ्याने शेजारच्या गावाला पाठवलेल्या पत्रावर रक्ताने खूण केली होती. इतिहासात ते 'रक्तपत्र' म्हणून ओळखले जाते. उठाव निर्दयपणे चिरडण्यात आला. बाताक गावात तर आश्रयासाठी चर्चमध्ये शिरलेल्या बायकामुलांचीही कत्तल झाली. कोप्रिवश्तित्सा मात्र वाचले. येथील धनिकांनी आपली संपत्ती ओतून गाव जाळपोळीतून सोडवले. आज प्रवासी कौतुकाने पाहतात ती घरे अशी किंमत मोजून उरलेली आहेत.

तेथून प्लोवदिवपर्यंतचा रस्ता डोंगर उतरून थ्रेसच्या मैदानात येतो. ख्रिस्तपूर्व ३४२ साली मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या पित्याने, हे शहर जिंकून त्याला आपले नाव दिले: फिलिपोपोलिस. रोमन लोकांनी त्याला तीन टेकड्यांचे शहर म्हटले. पहिल्या शतकात बांधलेले त्यांचे संगमरवरी नाट्यगृह १९७०च्या दशकात उत्खनन होऊन पुन्हा उजेडात आले. त्याच्या पायऱ्यांवर आजही प्रेक्षक बसतात. शहराच्या मुख्य बाजाररस्त्याखाली रोमन क्रीडांगण दडलेले आहे. त्याचे एक टोक उघडे ठेवले असल्याने खरेदीला निघालेली माणसे त्याच्या कडेवरून ये-जा करताना दिसतात.

पण आमचे पाय ओढ घेत होते ते संत लुईच्या कॅथेड्रलकडे. कपुचिन मिशनऱ्यांच्या परिश्रमातून हे मंदिर १८६१ साली पूर्ण झाले. १९३१ साली आगीत त्याची मोठी हानी झाली, तेव्हा ते पुन्हा उभारण्यात आले. बल्गेरियाची प्रिन्सेस मारिया लुईझा हिची कबर येथेच आहे. मंदिराला लागूनच एक आश्चर्य आहे. चौथ्या ते सहाव्या शतकातील बिशपच्या भव्य बॅसिलिकेचे अवशेष येथे सापडले असून दोन हजार चौरस मीटरहून अधिक मोझेइक जमीन २०२१ पासून लोकांना पाहता येते. रंगीत खड्यांचे शंभराहून अधिक पक्षी त्या जमिनीवर आहेत आणि त्यांत एक मोर आहे. आद्य ख्रिस्ती लोकांनी मोर हे अमरत्वाचे चिन्ह मानले होते.

बल्गेरियात कॅथलिकांची संख्या शंभरात एकाहूनही कमी भरते. प्लोवदिव परिसरातील कॅथलिक हे बहुतांशी पॉलिशियन नावाच्या जुन्या पंथाचे वंशज. या पंथाच्या लोकांना बायझंटाईन सम्राटांनी या भागात आणून वसवले होते. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या प्रयत्नाने ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. याच शतकातील एक गोष्ट ऐकून आम्ही चमकलो. अर्वाचीन बल्गेरियन भाषेतील पहिले मुद्रित पुस्तक म्हणून 'आबागार' या प्रार्थनासंग्रहाचा निर्देश केला जातो. तो १६५१ साली रोममध्ये छापला गेला आणि त्याचा कर्ता होता निकोपोलचा कॅथलिक बिशप फिलिप स्तानिस्लावोव. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले ते १६१६ साली. म्हणजे हे दोन्ही ग्रंथ एकाच शतकातले. लोकांनी देवाशी आपल्या भाषेत बोलावे, ही दोघांचीही तळमळ होती.

साम्य येथेच संपत नाही. 'क्रिस्तपुराण' मराठी, पण त्याची लिपी रोमन. देवनागरीत ते यायला १९५६ साल उजाडले. इकडे १६८८ साली चिप्रोव्त्सी येथील कॅथलिकांचा उठाव फसल्यावर परागंदा झालेले लोक आणि त्यांच्या मागोमाग गेलेले पॉलिशियन बांधव पुढे बानात प्रांतात, म्हणजे आजच्या रुमानिया आणि सर्बियाच्या हद्दीत, स्थिरावले. त्यांचे वंशज आजही बल्गेरियन बोलतात आणि ती रोमन लिपीत लिहितात. गाव, राज्य आणि लिपी सुटली, तरी घरातील भाषा त्यांनी सोडली नाही.

कॅथेड्रलच्या ओट्यावर बसलो असता मार्गदर्शक बाईने आणखी एका पाहुण्याची आठवण काढली. १९२५ साली आंजेलो रोन्काल्ली नावाचे इटालियन बिशप पोपचे प्रतिनिधी म्हणून सोफियात आले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. डोंगरातल्या लहान लहान कॅथलिक वस्त्यांना त्यांनी भेटी दिल्या. पौर्वात्य विधीच्या गरीब कॅथलिकांसाठी त्यांनी स्वतंत्र धर्माध्यक्ष मिळवून दिला. १९२८ साली भूकंपाने प्लोवदिव आणि आसपासचा मुलूख उद्ध्वस्त झाला, तेव्हा ते येथे धावून आले आणि पोपकडून मदत मिळवून त्यांनी भुकेल्यांना अन्न वाटले. ते घेणारा कॅथलिक की ऑर्थोडॉक्स, हे त्यांनी पाहिले नाही. पुढे इस्तंबूलला बदली झाल्यावर त्यांनी चर्चमधील काही प्रार्थना तुर्की भाषेत म्हणण्याची प्रथा पाडली. हेच रोन्काल्ली पुढे पोप जॉन तेविसावे झाले. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उद्घाटन केले. त्यांच्या मृत्यूनंतर, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर झाला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले. आपल्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा सुरू झाली ती या दस्तऐवजामुळे. बल्गेरियाच्या गल्लीबोळांतून हिंडलेल्या एका धर्माधिकाऱ्याचे ऋण वसईच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे, याची आम्हाला तोवर कल्पना नव्हती.

त्यानंतरची कथा दुःखाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली. असम्प्शनिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी १८८४ साली स्थापन केलेले प्लोवदिवचे संत ऑगस्टिन कॉलेज १९४८ साली बंद करण्यात आले. १९५२ साली बिशप येवगेनी बोसिल्कोव यांच्यासह अनेक कॅथलिकांवर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून खटला चालवला गेला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरच्या रात्री सोफियाच्या तुरुंगात बिशप बोसिल्कोव आणि फादर कामेन विचेव, फादर पावेल जिजोव, फादर योसाफात शिश्कोव यांना गोळ्या घालण्यात आल्या. यांपैकी जिजोव आणि शिश्कोव हे प्लोवदिवचेच सुपुत्र. त्यांचे मृतदेह आप्तांना मिळाले नाहीत. आज त्यांची कबर कोणी दाखवू शकत नाही. १९९८ साली बोसिल्कोव यांना धन्य घोषित करण्यात आले. २६ मे २००२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी उरलेल्या तिघांना हा मान दिला, आणि तो प्लोवदिवच्याच चौकात, हजारोंच्या साक्षीने. २०१९ साली पोप फ्रान्सिस जवळच्या राकोव्स्की या कॅथलिक गावी आले, तेव्हा तेथे २४५ मुलामुलींनी त्यांच्या हातून पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारले. ज्यांना कबर लाभली नाही, त्यांच्या श्रद्धेला ही नातवंडे लाभली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. बसमधले बहुतेक जण पेंगत होते. सकाळचा प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना. 'मराठीत', असे आम्ही किती झटकन सांगून मोकळे झालो होतो! पण ते उत्तर पूर्ण खरे होते काय? आमच्या घरी संध्याकाळची रोझरी आजीच्या तोंडून मराठीत सुरू होते. नातवंडांचा आवाज मात्र अर्ध्यावर अडखळतो, कारण त्यांना 'आमच्या स्वर्गीय बापा' पेक्षा तिची इंग्रजी प्रार्थना अधिक सरावाची झाली आहे. आमच्यावर कोणत्या सुलतानाचा दंडक नाही. ग्रीक धर्माधिकाऱ्याची सक्ती नाही की तुरुंगाची भीती नाही. बल्गेरियन माणसाने पाचशे वर्षांच्या पारतंत्र्यात जपले ते आम्ही मोकळ्या हवेत हातातून निसटू देत आहोत. इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. ओस्लेकोवच्या भिंतीवरही परदेशी नगरांची चित्रे होतीच. पण त्या भिंतीच्या आत बोलली जाणारी भाषा बल्गेरियनच होती.

१९३४च्या नाताळात बल्गेरियाचा निरोप घेताना रोन्काल्ली यांनी लोकांना एक वचन दिले होते. आपण जगात कोठेही असलो तरी आपल्या खिडकीत एक दिवा जळत राहील. रात्री-अपरात्री कोणी बल्गेरियन दार ठोठावील, तर तू कॅथलिक की ऑर्थोडॉक्स असे न विचारता त्याला घरात घेतले जाईल. सोफियाचे दिवे दिसू लागले तेव्हा मार्गदर्शक बाईने ही गोष्ट सांगितली. ती स्वतः ऑर्थोडॉक्स. उतरताना आम्ही तिचे आभार मानले आणि तिने आम्हाला विचारले, "तुमच्या भाषेतली एक प्रार्थना म्हणून दाखवाल?" रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही 'नमो मारिये' म्हटले. अर्थ तिला कळला नसेल. पण 'मारिया' हा शब्द येताच तिने उजव्या हाताने आपल्या पद्धतीने क्रुसाची खूण केली.

आज आमच्या घरी रोझरीची सुरुवात नातवंडांनी करायची, असा नेम आम्ही घातला आहे. ती अजून अडखळतात. आजी शब्द पुरवते आणि माळ पुढे सरकते.