बावन्न की पन्नास?

आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका मैत्रिणीची नात फुटबॉल खेळते. पुढच्या फळीत, म्हणजे गोल मारायच्या जागी. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम आणि सरावाची वेळ नेमकी तीच, त्यामुळे रोज संध्याकाळी त्या घरात थोडी ओढाताण असते. एकदा आजी मला म्हणाली, "खेळू दे, तब्येत चांगली राहते. पण मला सांग, खेळून पोट भरतं का गं कुणा बाईचं?"

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. बडोद्यात खेळ म्हटलं की क्रिकेट. हजाऱ्यांपासून पठाण आणि पंड्या भावांपर्यंत नावं आपल्याला पाठ. ज्या गावात सयाजीरावांनी 1906 साली मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात वाढलेल्या मला एकाही फुटबॉल खेळणाऱ्या बाईचं नाव सांगता येऊ नये, याची लाज वाटली. मग शोधायला बसले, आणि ज्या नावाशी थांबले ते मणिपूरचं निघालं. नगांगोम बालादेवी.

बालाचा जन्म 2 फेब्रुवारी 1990 चा, बिष्णुपूर जिल्ह्यातला. मणिपूर म्हणजे जिथे इंफाळचा भला मोठा बाजार पूर्ण बायकांच्या हातात आहे, जिथे 1904 आणि 1939 मध्ये बायका इंग्रजी अमलाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. तिथे मुलगी मुलांबरोबर चेंडू खेळायला लागली तर आभाळ कोसळत नाही. बाला अशीच गावातल्या मुलांत खेळत मोठी झाली आणि 2005 मध्ये, पंधराव्या वर्षी, भारताकडून खेळली.

पण खेळायचं कुठे? इथे थोडं मागे जायला हवं. भारतात बायकांच्या फुटबॉलची संघटना 1975 साली उभी राहिली, तीही पुरुषांच्या महासंघाबाहेर, वेगळी. तरी त्या बायकांनी कमाल केली. कालिकतला 1980 च्या सुरुवातीला संपलेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या बायका अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या आणि तैवानकडून हरल्या. 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. गोव्याच्या योलांडा डिसूझा याच पिढीतल्या. बंगालच्या शांती मलिक यांना 1983 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधल्या बाईला मिळालेला पहिला. दुसरा कधी मिळाला असेल? 2017 ला, मणिपूरच्या बेमबेम देवींना. मध्ये चौतीस वर्षं. एवढ्या काळात सून सासू होते.

1990 च्या दशकात बायकांचा खेळ मुख्य महासंघाकडे आला. आता सोन्याचे दिवस येतील असं कुणाला वाटलं असेल, पण 2009 मध्ये भारतीय बायकांचं नाव जागतिक क्रमवारीतूनच गळलं. कारण काय, तर दीड वर्षात संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. बाला तेव्हा एकोणीस वर्षांची. धावण्याचं, गोल मारण्याचं हेच वय, आणि सामनाच नाही! पुढे 2010 पासून दक्षिण आशियाई स्पर्धा सुरू झाल्या आणि भारताने लागोपाठ जिंकल्या. बाला गोल करत राहिली, कप्तान झाली. घर चाललं ते मात्र फुटबॉलवर नाही, मणिपूर पोलिसांतल्या नोकरीवर. खेळाच्या जोरावर नोकरी आणि नोकरीच्या जोरावर खेळ, ही आपल्याकडची जुनी रीत. तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही, कारण ती रीत नसती तर कितीतरी मुली विशीतच थांबल्या असत्या.

बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली 2016-17 मध्ये, म्हणजे बाला देशासाठी खेळायला लागल्यावर अकरा वर्षांनी. तीसुद्धा सुरुवातीला काही आठवड्यांत आटपणारी, आपल्याकडच्या शिबिरासारखी. (आपल्या बडोदा फुटबॉल अकादमीचा आणि कोल्हापूरचा संघही या लीगमध्ये खेळून आला आहे. मला हे आत्ता कळलं.) त्या लीगमध्ये सलग दोन हंगाम सगळ्यांत जास्त गोल बालाचे होते.

मग 29 जानेवारी 2020 ला स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या रेंजर्स क्लबने तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच आठवड्यात बेमबेम देवींना पद्मश्री जाहीर झाली होती. करारावर सही केली तेव्हा बालाच्या तिसाव्या वाढदिवसाला चार दिवस राहिले होते. आपल्याकडे तिशीच्या मुलीला "आता पुरे झालं खेळणं" म्हणायलाही कुणी उरत नाही, ते पंचविशीतच म्हणून झालेलं असतं.

आणि देश कोणता, तर स्कॉटलंड! 1920 च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला बायकांचा सामना बघायला 53,000 लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेने, हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून, आपली मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. 1971 मध्ये युरोपातल्या देशांनी बायकांच्या फुटबॉलला जागा देण्यावर मत घेतलं, तेव्हा विरोधात हात वर करणारा देश एकच होता, स्कॉटलंड. त्याच देशात मणिपूरची मुलगी फुटबॉलचा पगार घ्यायला गेली.

गेली आणि करोना आला. परका देश, कडाक्याची थंडी, मैदानं बंद. कितीतरी महिने स्पर्धाच नाही. तिचा पहिला गोल झाला 6 डिसेंबर 2020 ला, मदरवेल संघाविरुद्ध. ती राखीव म्हणून उतरली होती आणि रेंजर्सने तो सामना 9-0 असा जिंकला. नऊमधला एक गोल म्हणजे काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण करारानंतर दहा महिन्यांहून अधिक त्या एका गोलाची वाट पाहिलेली बाई डोळ्यांसमोर आणून बघा. पुढे गुडघ्याची मोठी दुखापत झाली आणि 2022 मध्ये ग्लासगोचा मुक्काम संपला. परत येऊन ती पुन्हा खेळायला लागली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. रेंजर्सच्या कराराच्या वेळी छापून आलं होतं की बालाने भारतासाठी 58 सामन्यांत 52 गोल केलेत. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध तिने गोल केला तेव्हा बातमी आली, हा तिचा पन्नासावा. भारतीय स्त्रियांत पहिलीच. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून बघत बसले. चार वर्षांत गोल कमी झाले? तसं नाही. कुठला सामना अधिकृत धरायचा, कुठला नाही, यावर बेरीज बदलते. पुरुषांच्या सामन्यांच्या याद्या वर्षानुवर्षं नीट लावलेल्या सापडतात. बायकांच्या बाबतीत देशाची सर्वांत मोठी स्ट्रायकर चौतिसाव्या वर्षी गोल मारते, आणि तो कितवा हे ठरवायला बसावं लागतं.

ऋषभदेवांनी ब्राह्मीला अक्षरं शिकवली आणि सुंदरीला अंक, ही गोष्ट आपण नातवंडांना किती कौतुकाने सांगतो. मला ती त्या दिवशी फार आठवली. लिहिणं आणि मोजणं, दोन्ही आधी मुलींच्या हाती दिलेलं.

आजीला मी सगळं सांगितलं. पोट भरतं, पण पोलिसांच्या पगाराने आधी आणि फुटबॉलने उशिरा, असंही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शिक्षण सोडायचं नाही." तेही खरंच. नात शेजारी बसून बुटांची नाडी सोडत होती. तिला विचारलं, "तुझे या वर्षी किती गोल झाले गं?"

"मोजले नाहीत, काकू."

आजी उठली. आजोबांच्या दुकानाच्या हिशेबाच्या लाल कापडी बांधणीच्या दोन-तीन वह्या माळ्यावर कोऱ्या पडल्या होत्या. त्यातली एक झटकून तिने नातीपुढे ठेवली आणि म्हणाली, "तारीख घाल आधी."