अलेक्झांड्रिया : समुद्राकडे तोंड, नदीकडे पाठ

रोमन अमदानीतील लॅटिन व्यवहारात अलेक्झांड्रियाचा निर्देश ‘इजिप्तमधील’ नव्हे, तर ‘इजिप्तलगतची’ नगरी असा होत असे. प्रश्न वरवर पाहता एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. परंतु ह्या नगरीविषयी पुढे जे जे लिहिले गेले त्यातील बऱ्याचशा लेखनाची दृष्टी त्या अव्ययातच ठरून गेली आहे. अलेक्झांड्रिया म्हणजे भूमध्य समुद्राची कन्या, ग्रीक विद्येचे माहेर, अनेक भाषांची बाजारपेठ, ही प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. ह्या नगरीला अन्न आणि धन पुरविले ते नदीने, आणि तिने आपले वर्णन केले ते समुद्राच्या भाषेत. हा विसंवाद ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या वाङ्मयाचेही यथार्थ मूल्यमापन होणार नाही, असे मला वाटते.

इ. स. पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने नगरीची जागा निवडली तेव्हा तेथे राकोती नावाची इजिप्शियन वस्ती होती. पुढे ग्रीकांनी नगरीला विजेत्याचे नाव दिले, तरी इजिप्शियन लोकांच्या कॉप्टिक भाषेत तिचे नाव राकोती असेच राहिले. समोरचे फारोस बेट बांध घालून किनाऱ्याला जोडण्यात आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बंदरे झाली. दीपस्तंभामुळे जगाचे लक्ष ह्या बंदरांकडे गेले. परंतु नगरीच्या दक्षिणेस, मरेओटिस सरोवरावर, आणखी एक बंदर होते व ते कालव्यांनी नाईलशी जोडलेले होते. भूगोलकार स्ट्रेबो स्पष्टपणे सांगतो की, सरोवराच्या बंदरात उतरणारा माल समुद्राच्या बंदरातील मालाहून अधिक असे. धान्य, पपायरस, तागाचे कापड हे सर्व त्या मागल्या दाराने आत येई आणि पुढल्या दाराने रोमकडे जाई.

आपल्या किनाऱ्याचा माल येई तोही ह्याच मागल्या दाराने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या नाविक-वृत्तान्तात भडोच, सोपारा आणि कल्याण ह्या बंदरांचे उल्लेख आहेत. तेथला माल तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून कॉप्टोसला पोचे आणि तेथून नाईलमार्गे अलेक्झांड्रियात येई. त्यावर पंचवीस टक्के जकात द्यावी लागे. दुसऱ्या शतकातील एका पपायरसावर मलबार किनाऱ्यावरील मुझिरिसच्या व्यापाराशी निगडित असा कर्जाचा करारनामा उपलब्ध आहे. त्यात ह्या वाहतुकीच्या व जकातीच्या अटी आजही वाचता येतात.

जकातीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. ह्या नगरीची विद्यादेखील काही अंशी जकातनाक्यावरच गोळा झाली. गेलन सांगतो की, बंदरात लागणाऱ्या गलबतांवरील ग्रंथ राजाज्ञेने ताब्यात घेतले जात; त्यांच्या नकला करून मालकाला नक्कल परत दिली जाई आणि मूळ प्रत ‘गलबतांवरून आलेली’ अशा नोंदीसह ग्रंथालयात ठेवली जाई. अथेन्सच्या नाटककारांच्या अधिकृत प्रती पंधरा टॅलंटांची अनामत ठेवून आणल्या आणि अनामतीवर पाणी सोडून त्या ठेवून घेतल्या, हीही हकीकत त्याचीच. अशा प्रकारे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती शेजारी-शेजारी आल्या, तेव्हा खरा पाठ कोणता हा प्रश्न उभा राहिला. झेनोडोटस व अ‍ॅरिस्टार्कस ह्यांनी होमरच्या संहितेवर संशयित ओळींपुढे खुणा केल्या. कॅलिमॅकसने ग्रंथकारांची सूची एकशेवीस गुंडाळ्यांत रचली. पाठचिकित्सेचे हे शास्त्र ज्या पपायरसावर उभे राहिले, तो नाईलकाठच्या दलदलीत उगवत असे. आणि ते पीक काढणाऱ्यांची भाषा ह्या विद्वानांपैकी फारच थोड्यांना येत असावी.

ग्रंथालयाच्या नाशाची कथा जितकी प्रसिद्ध तितकीच गुंतागुंतीची आहे. सीझरच्या वेळची आग इ. स. पू. ४८ ची, सेरापिअमचा विध्वंस इ. स. ३९१ चा; खलिफा उमरच्या आज्ञेने ग्रंथ जाळल्याची दंतकथा तर घटनेनंतर सुमारे सहा शतकांनी लिहिली गेली आणि इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. सातव्या शतकात अरब राज्यकर्त्यांनी राजधानी नाईलकाठी फुस्तात येथे नेली. मसाल्याच्या व्यापारामुळे बंदर मध्ययुगातही जागते होते. परंतु पुढे कालवे गाळाने भरले, आणि १७९८ मध्ये नेपोलियन उतरला तेव्हा वस्ती काही हजारांवर आली होती. नदीशी संबंध तुटला की ही नगरी सुकते, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

तिचे पुनरुज्जीवनही कालव्यानेच झाले. १८२० मध्ये मुहंमद अलीने महमूदिया कालवा पुरा करविला. त्यासाठी वेठीला धरलेले हजारो शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू झाली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा जो पैसा मुंबईत आला तोच अलेक्झांड्रियातही आला. त्या चार वर्षांत इजिप्तची कापूसनिर्यात सुमारे तिप्पट झाली. मुंबईत त्या पैशाचे पर्यवसान १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात झाले. इजिप्तमध्ये ते राज्याच्या कर्जबाजारीपणात, आणि अखेरीस ११ जुलै १८८२ च्या ब्रिटिश तोफांच्या भडिमारात व परकीय ताब्यात झाले. नगरी मात्र वाढतच राहिली. १८९७ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या तीन लाखांवर गेली होती. ग्रीक, इटालियन, सीरियन, ज्यू, माल्टीज अशा अनेक समाजांनी तेथे पेढ्या, शाळा, वृत्तपत्रे उभारली. परदेशी प्रजाजनांना विशेष सवलती होत्या. त्यांचे खटले चालविणारी मिश्र न्यायालये १९४९ पर्यंत टिकली.

कॉन्स्टंटाइन कावाफी हा ह्या कापूसयुगाचा कवी. १८६३ मध्ये, ऐन तेजीत, एका ग्रीक व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. पुढे घराणे बसले आणि त्याने सुमारे तीस वर्षे सरकारी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. दिवसा नाईलच्या पाण्याचे कागद आणि रात्री ग्रीक राजवंशांच्या कविता, असे हे जीवन होते. त्याच्या प्रसिद्ध कवितेत समकालीन इजिप्शियन शेतकरी जवळजवळ नाही. तथापि १९०६ मध्ये देनशवाई येथे ग्रामस्थांना फाशी देण्यात आले, तेव्हा त्याने त्यावर एक कविता लिहिली होती. ती त्याने हयातीत छापली नाही. न छापलेल्या ह्या कवितेचे मोल टीकाकाराने कमी लेखू नये. आपल्या प्रतिभेची सीमा कवीला ठाऊक होती आणि ती त्याला बोचतही असावी, असे तीवरून मानण्यास जागा आहे.

हीच नगरी त्याच काळी दुसऱ्या आवाजातही बोलत होती. १८९३ मध्ये येथे जन्मलेल्या बैरम अल-तूनिसीने बोलभाषेतील कवितेत नगरपालिकेच्या करांची रेवडी उडविली. त्याचा समकालीन सय्यद दरवीश गवंडीकाम करीत गाणारा; त्याची चाल पुढे इजिप्तचे राष्ट्रगीत झाली. फॉर्स्टरच्या १९२२ च्या मार्गदर्शिकेत वा ड्युरेलच्या १९५७ ते १९६० च्या कादंबरी-चतुष्टयात ह्या आवाजांना फारसे स्थान नाही. तेथली अरब वस्ती बहुधा पार्श्वभूमी म्हणून येते. ह्याउलट एडवर अल-खर्रातच्या १९८६ च्या ग्रंथात तीच नगरी आतून, गल्लीबोळांतून दिसते.

२६ जुलै १९५६ रोजी मन्शिया चौकात नासेर ह्यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. नासेर स्वतः ह्याच नगरीत जन्मलेले. त्यानंतर काही वर्षांत बहुतेक परदेशी समाज निघून गेले. अनेकांना जावे लागले, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेली माणसे होती. त्यांच्या दुःखाला इतिहासात जागा असली पाहिजे. पण ‘अलेक्झांड्रिया संपली’ हा विलाप मात्र अर्धसत्य आहे. संपले ते एक आर्थिक नाते. नगरी आज पन्नास लाखांहून अधिक माणसांची आहे, आणि २००२ मध्ये प्राचीन ग्रंथालयाच्या परिसरात नवे ग्रंथालय उघडले.

ह्या संक्रमणाचे सर्वांत मार्मिक चित्रण नजीब महफूझच्या १९६७ च्या ‘मिरामार’ कादंबरीत आहे. समुद्रकाठचे एक जुने निवासगृह, मालकीण ग्रीक, आणि खेड्यातून पळून आलेली, अक्षरे शिकू पाहणारी झोहरा ही मोलकरीण. भाडेकऱ्यांपैकी एक सूतगिरणीत नोकरीला आहे व तेथले सूत चोरण्याच्या कटात सामील आहे. तेवीस शतके मागल्या दाराने येणारी नाईलकाठची माणसे येथे प्रथमच दिवाणखान्यात आलेली आहेत. तरीही कथा सांगतात ते चार पुरुष; झोहराच्या वाट्याला निवेदन आलेले नाही. अलेक्झांड्रियाच्या वाङ्मयेतिहासातील ती रिकामी जागा अद्याप पुरती भरलेली नाही. आणि बंदरनगरांच्या वाङ्मयाचा विचार करताना आपणही आपल्याकडील अशा रिकाम्या जागा मोजून पाहावयास हव्यात.