हातगाडीला स्वच्छ जागा, माणसाला माहुल



अन्न सुरक्षा कायद्याखाली 2011 साली परवाना व नोंदणीचे नियम आले. त्यांना जोडलेली चौथी अनुसूची आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल. तिचा पहिला भाग हातगाडी, टपरी, डबे पुरवणाऱ्या बाया अशा लहान धंद्यांसाठी आहे. सुरुवातीलाच अट आहे : अन्न बनवण्याची जागा घाणीपासून मुक्त असावी आणि नवा धंदा प्रदूषित परिसरापासून लांब उभा करावा.

आता ही अट खिशात घालून माहुलला जा.

1954-55 पासून इथे तेल शुद्धीकरण कारखाने आहेत. पुढे रसायनांच्या टाक्या आल्या. डिसेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवले की माहुल-आंबापाड्याच्या हवेमुळे तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. हे कागदावर आल्यानंतर, 2017 पासून, तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तोडून हजारो कुटुंबे इथल्याच इमारतींत आणून टाकली गेली. म्हणजे वडे तळायला जी जागा नियमाने अयोग्य, ती लेकरांना झोपायला योग्य ठरली. लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून लढा दिला, तेव्हा कुठे सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही बळजबरीने माहुलला पाठवू नका, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडे द्या.

'आरोग्य' हा शब्द कुणावर चालवायचा आणि कुणासाठी विसरायचा, हे या शहरात आज ठरलेले नाही. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात रस्त्यावर विक्रीसाठी परवाना लागतो (कलम 313-अ) आणि कलम 314 आयुक्तांना नोटीस न देता माल-गाडी उचलण्याचा अधिकार देते. 1896 ला प्लेग आला. 1897 चा साथरोग कायदा आणि 1898 चा सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट त्याच्या पाठोपाठ आले. रोग गरिबाच्या खोलीत राहतो, म्हणून खोली पाडा, हा सरकारी विचार तेव्हा पक्का झाला. खोलीत पाणी नव्हते, गटार नव्हते, ते कुणी द्यायचे होते?

आपल्याला यात आणखी एक धागा दिसतो, जो शहराच्या इतिहासकारांना सहसा दिसत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. शेण ओतलेले पाणी शुद्ध आणि माणसाने ओंजळ लावलेले पाणी अशुद्ध! आणि 4 ऑगस्ट 1927 ला महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा आपलाच ठराव मागे घेतला. सोवळे-ओवळे पालिकेच्या कागदावर कसे उतरते, ते इथे दिसते. म्हणूनच संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकान आणि उपाहारगृह हे शब्द मुद्दाम आहेत.

कुणी म्हणेल, मग तपासणीच नको का? हवी. गाडीवर खाणारा हमाल, नाका कामगार, शाळकरी पोर आपलेच आहे. खराब तेलाने आणि घाण पाण्याने आधी तोच आजारी पडतो. भांडण तपासणीशी नाही. स्वच्छ पाण्याचा नळ न देता पाणी अस्वच्छ म्हणून गाडी उचलण्याशी आहे.

हल्ली फूड ट्रकचे कौतुक चालते. रंगीत गाडी, दिव्यांच्या माळा. अन्न सुरक्षा कायद्याच्या 2011 च्या मूळ नियमांना ट्रक आणि हातगाडी यांत फरक दिसत नव्हता : वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर फक्त नोंदणी लागे, फी वर्षाला 100 रुपये होती. फरक समाज करतो. ट्रक म्हणजे 'स्टार्टअप', गाडी म्हणजे 'अतिक्रमण'.

इथेच आपली माणसे फसतात. ही नोंदणी म्हणजे रस्त्यावर उभे राहण्याची परवानगी नव्हे. ती पालिकेकडून लागते, आणि मुंबईत 1978 नंतर फेरीवाल्यांचे नवे परवाने जवळपास बंदच झाले. परवाना द्यायचा नाही आणि परवाना नाही म्हणून माल उचलायचा, हा खेळ दोन पिढ्या चालला. सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण कलम 314 कायम ठेवले. 1989 च्या सोदान सिंग निकालात रस्त्यावरचा धंदा हा कलम 19(1)(g) खालचा हक्क ठरला, वाजवी निर्बंधांसह.

मग 2014 चा पथविक्रेता कायदा आला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला उठवायचे नाही, हे त्याच्या कलम 3(3) मध्ये आहे. उठवायचेच तर 30 दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के निवडून आलेले विक्रेते, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात 99 हजारांवर अर्ज आले, आणि समितीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट 2024 उजाडले. मतदार यादीत नावे होती सुमारे 32 हजार.

या हिशेबात माहुलचा माणूस कुठे बसतो? घाटकोपर-विद्याविहारकडे ज्याची भुर्जीपावची गाडी होती, त्याचे गिऱ्हाईक घरासोबत माहुलला आले नाही. 2014 ला एका ठिकाणी मोजलेला माणूस 2017 ला दुसरीकडे टाकला गेला. कायदा दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा म्हणतो. 2019 गेले, 2024 गेले.

तेव्हा वस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या वर्गणीची वही काढतो तशी एक वही काढावी. कोण काय विकतो, कुठे उभा राहतो, किती वर्षांपासून, कुठून आणला गेला, नोंदणी आहे का, माल उचलला तेव्हा जप्तीची यादी दिली का. कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती यादी द्यावीच लागते. मागून घ्या, आणि वहीला चिकटवा.