तळे, हौद आणि टाके : उल्हास खोऱ्यातील पाणी निवळण्याचा इतिहास

अंबरनाथ व बदलापूर यांच्या दरम्यान पसरलेल्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीच्या आसमंतात गेल्या काही दशकांत नवी निवासी संकुले उभी राहिली. त्यांपैकी काहींच्या आवारात पोहण्याचा तलाव असतो. वैशाखाच्या उन्हात किंवा पावसाळ्यातील उघडिपीत चार दिवस दुर्लक्ष झाले, की त्याचे पाणी हिरवे पडते, भिंती बुळबुळीत होतात आणि तळ दिसेनासा होतो. मग रखवालदार ब्लीचिंग पावडरचे पोते उघडतो. ती ओतल्यावर पाणी बहुधा हिरवेच राहते, वर पांढुरके गढूळही होते. प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु पाणी स्वच्छ करण्याविषयी या खोऱ्यात सुमारे दोन हजार वर्षे चालत आलेल्या कल्पना, आणि त्या ज्या शब्दांत साठविल्या गेल्या ते शब्द, यांचा विचार केल्यावाचून तो नीट उलगडत नाही. पावडर निष्फळ ठरण्याचे कारण रसायनात आहे; पण ते थोडेसे ‘तलाव’ या शब्दातही आहे.

या इतिहासाचा आरंभ खोऱ्यापासून थोडा दूर, साष्टीतील कान्हेरी येथे करावा लागतो. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दाते म्हणून कल्याणचे लोक वारंवार येतात, आणि कल्याण म्हणजे उल्हास नदीचे बंदर. त्यांपैकी एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. टाक्यासाठी लेखांतील प्राकृतात ‘पोढि’ हा शब्द येतो. पिण्याच्या पाण्याची ती ‘पानियपोढि’. हा शब्द पुढे मराठीतून लोपला आणि त्याची जागा ‘टाके’ या शब्दाने घेतली. वस्तू मात्र तीच राहिली : कातळात खोल खोदलेली, अरुंद तोंडाची, आत अंधार असलेली कोठी. शेवाळाला वाढण्यासाठी पाणी, नत्र, स्फुरद व उजेड ही चारही लागतात. कान्हेरीच्या टाक्यांत पावसाबरोबर माती व पाने जात असतीलच, पण उजेड फारसा जात नसे. खोदणाऱ्यांच्या मनात थंडावा होता की बाष्पीभवन टाळणे होते, हा प्रश्न वेगळा. परिणामी शेवाळाच्या चार गरजांपैकी एक त्यांनी तोडून टाकली होती. मुंबईत मलबार टेकडीवरील जलाशयावर छप्पर घालून वर बाग केली गेली, तेव्हा एका अर्थी पोढीचेच तत्त्व पुन्हा अमलात आले.

उघड्या पाण्याची गोष्ट निराळी. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे, ठाण्याच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी याच्या काळातील त्याचा लेख प्रसिद्धच आहे. मंदिराजवळून वालधुनी वाहते आणि लगत कुंड आहे. कुंड, पुष्करणी, तळे, बारव ही सर्व उजेडातील पाणी होत. त्यांत शेवाळ असणे हे गृहीतच धरलेले होते. संस्कृत ‘शैवाल’, प्राकृत ‘सेवाल’, मराठी ‘शेवाळ’ अशी ही सरळ परंपरा; आणि मराठीत त्या एका शब्दात भिंतीवरचा ओला हिरवा थर, पायरीवरची निसरड व पाण्यातले हिरवे तंतू हे सगळेच सामावले गेले. अशा पाण्याच्या उपायांची भाषा मुख्यतः दोन क्रियापदांची आहे : शेवाळ ‘काढणे’ व पाणी ‘निवळणे’. पहिले हाताने करावयाचे, दुसरे पाण्याने आपले आपण करावयाचे. गढूळ पाणी स्थिर ठेवले की निवळते. त्याला घाई असेल तर निवळीची बी उगाळून घालावी. हिला संस्कृतात ‘कतक’ म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचा दृष्टान्त आहे : त्याचे फळ पाणी प्रसन्न करते, परंतु नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या जलविषयक अध्यायात विहिरीसाठी जो योग सांगितला, त्यात मोथा, वाळा, आवळा इत्यादींबरोबर कतक आहेच. गढूळ, कडवट, खारट, बेचव व दुर्गंधी पाणी त्याने सुधारते, असे तो म्हणतो. मराठी माणसाने बीला ‘निवळी’ हे नाव क्रियापदावरूनच दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

निवळीचे काम आणि तुरटीचे काम एकाच जातीचे आहे. दोन्हींमुळे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात व तळाशी बसतात. मातीच्या कणांपुरते हे पुरेसे असते. शेवाळाची पेशी मात्र जिवंत असते. तळाशी बसविलेल्या पेशी तेथून उचलून बाहेर टाकल्या नाहीत, तर उरलेल्यांतून दोन-चार दिवसांत पाणी पुन्हा हिरवे होते. मराठीत ‘निवळ’, ‘नितळ’ आणि ‘शुद्ध’ हे तीन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात, तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. निवळ म्हणजे गाळ बसलेले; नितळ म्हणजे आरपार दिसणारे; शुद्ध म्हणजे निर्दोष. पटकीच्या दिवसांत विहिरीचे पाणी नितळ असूनही माणसे मरत, तेव्हा हा भेद समाजाला फार महागात कळला.

त्या काळात, १८९० नंतरच्या दशकात, आग्र्याचा रसायनतज्ज्ञ हँकिन याने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत पुढे आणली. पाण्यात काहीतरी दिसेनासे करण्याऐवजी न दिसणारे काही मारावयाचे, हा विचार तेथून रुजू लागला. क्लोरीन हा वायू शील याने १७७४ सालीच मिळविला होता. विरलेल्या चुन्यात तो शोषून घेऊन विरंजक चूर्ण करण्याचा परवाना टेनंट याने १७९९ मध्ये घेतला, पण तो कापड पांढरे करण्यासाठी. पाण्यात त्याचा सातत्याने उपयोग इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ साली व अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ साली झाला. शेवाळावरचा उपाय याच सुमारास वेगळ्या वाटेने आला. मूर व केलरमन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये जलाशयातील शेवाळ मोरचुदाच्या अत्यल्प मात्रेने मरते, असे दाखविले. मोराच्या गळ्याच्या निळाईवरून ओळखला जाणारा हा क्षार मराठी वैद्यांना व शेतकऱ्यांना परका नव्हता. नाशिकचा द्राक्षबागाईतदार त्यात चुना घालून बोर्डो मिश्रण करतोच. मात्र ज्या चुन्यामुळे बागेत त्याची धार बोथट होते, त्याच कारणाने कठीण व अल्कधर्मी पाण्यातही तांबे साक्याच्या रूपाने खाली बसते आणि मोरचुदाचा प्रभाव ओसरतो. तलावातले तांबे वाढले तर पोहणाऱ्यांच्या पिकलेल्या केसांना हिरवट छटा येते, हा त्याचा किरकोळ पण फार बोलला जाणारा दोष.

ब्लीचिंग पावडरला ग्रामीण महाराष्ट्रात ‘टीसीएल’ म्हणतात. हे नाव एखाद्या कंपनीचे आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ या शब्दांची आद्याक्षरे होत. साधे विरंजक चूर्ण दमट उष्ण हवेत भराभर दुबळे होते, म्हणून त्यात चुनकळी मिसळून ते टिकाऊ केले जाते. आद्याक्षरांत दडून राहिलेला हा चुनाच पोहण्याच्या तलावात अडचणीचा ठरतो.

डेन्मार्कमधील सोरेनसेन याने १९०९ साली द्रवाची आम्लता मोजण्याचे जे माप दिले, त्याला मराठी परिभाषेत ‘सामू’ म्हणतात. क्लोरीन पाण्यात गेला की त्याची दोन रूपे होतात : जंतू व शेवाळ जलद मारणारे हायपोक्लोरस आम्ल, आणि पुष्कळ दुर्बळ असलेला हायपोक्लोराइट. सामू ७ असता सुमारे तीन-चतुर्थांश भाग पहिल्या रूपात असतो, ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. ८ झाला की पहिले रूप एक-चतुर्थांशाहूनही कमी उरते. आता शेवाळ काय करते ते पाहावे. उन्हात ते पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते आणि त्यामुळे सामू वर चढतो. म्हणजे आपल्या मारेकऱ्याचे हत्यार ते स्वतःच बोथट करते. त्यावर चुनायुक्त पावडर आणखी ओतली की सामू अधिकच चढतो, आणि जादा चुना पांढऱ्या गढुळतेच्या रूपाने दिसू लागतो. आनंदनगरच्या रखवालदाराला आलेला अनुभव हाच.

म्हणून क्रम उलटा हवा. प्रथम भिंती व पायऱ्या घासून थर मोकळा करावा. मग सामू ७.२ ते ७.४ पर्यंत उतरवावा. त्यासाठी मिठाचे आम्ल पाण्यात विरल करून वापरतात. आम्ल व ब्लीचिंग पावडर यांची गाठ एका बादलीत कधीही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीनची मोठी मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी; दिवसा ऊनच त्याचा फडशा पाडते. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन आणण्यास ३० टक्के ताकदीची सुमारे दीड किलो पावडर पुरते, आणि शेवाळ मारण्यासाठी त्याच्या दहापट, म्हणजे पंधरा किलोंच्या आसपास, लागते. पावडर आधी पिंपात कालवून वरचे निवळ पाणीच वापरावे. तळचा चुना तलावात जाऊ देऊ नये. गाळणी रात्रंदिवस चालू ठेवावी. हिरवा रंग जाऊन पाणी राखी झाले, म्हणजे शेवाळ मेले असे समजावे. मग तुरटीची पाळी. तुरटीही पाण्याची अल्कता खाते व सामू खाली ओढते. तेव्हा अल्कता लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे, हे पाहूनच ती घालावी, आणि बसलेला गाळ पंपाने ओढून थेट बाहेर सोडावा. वराहमिहिराचा योग व तुरटी येथे उपयोगी पडतात, पण शेवटच्या टप्प्यात.

या खोऱ्याचा त्या पावडरीशी आणखी एक संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये ती उल्हासनगर झाली. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. रेयॉनच्या धाग्याला कॉस्टिक सोडा लागतो. तो मिठाच्या द्रावणातून वीज सोडून तयार करतात, आणि त्या क्रियेत क्लोरीन जोडउत्पादन म्हणून निघतोच. आधुनिक जलशुद्धी ही अशा रीतीने धाग्याच्या व साबणाच्या धंद्याची सावत्र बहीण आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे त्याने बदलापूरजवळ बारवी धरण बांधले. तेथून सोडलेले पाणी उल्हास नदीतून उचलून जांभूळ येथे शुद्ध केले जाते. त्यामुळे तलावातील पाणी येतानाच क्लोरीन घेऊन येते, आणि टँकरने किंवा विंधन विहिरीतून भरले तर काळ्या कातळातील कठीणपणा घेऊन येते. दोहोंना एकच माप लागू पडत नाही, हे व्यवस्थापकांच्या ध्यानात क्वचितच येते.

आता शब्दाकडे वळावे. ‘तळे’ व ‘तलाव’ हे दोन्ही तडागाच्या कुळातले. ठाण्यात ‘तरणतलाव’, मुंबई-पुण्यात ‘जलतरण तलाव’ हे शब्द पाटीवर रूढ झाले. पुण्यातील जुन्या पिढीच्या तोंडी मात्र ‘पोहण्याचा हौद’ असे. तो शब्द मागे पडला, हे मराठीचे नुकसानच म्हणावे लागेल. हौद म्हणजे बांधलेले, कोंडलेले, माणसाने भरावयाचे व उपसावयाचे पाणी. पूर्वी मुले कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहत. तिला झरा असे आणि मोटेने पाणी रोज उपसले जाई. हौदाला झरा नाही. त्यात पडलेला घाम, तेल, पान, धूळ काढल्यावाचून जात नाही. शिवाय हौद निर्जीव ठेवणे हीच त्याच्या स्वच्छतेची अट असते. तळ्याचे उलट आहे : त्यात मासे, गोगलगायी, कमळे व शेवाळ यांचा परस्परांवर भार असतो. मोरचूद किंवा जबर क्लोरीन त्यात टाकला तर शेवाळाबरोबर मासेही मरू शकतात. आणि शेवाळ एकदम मेले, तर त्याच्या कुजण्याने पाण्यातील प्राणवायू संपून उरलेलेही मरतील. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मरून तरंगतात ते विषाने नव्हे. पाण्यात पडलेले अन्न कुजते आणि प्राणवायू खाते म्हणून. एकाच नावामुळे दोन्ही पाण्यांवर एकच उपाय सुचावा, ही भाषेने केलेली फसवणूक आहे, आणि हिरव्या पडलेल्या गावतळ्याभोवती ‘पावडर टाका’ अशी जी मागणी होते, तिच्या मुळाशी ती असते.

तळ्यातील शेवाळाचा उपाय त्याचे खाद्य कमी करण्यात आहे : सांडपाणी वळविणे आणि गाळ काढणे. दुसरे काम गावे उन्हाळ्यात करीतच असत. आटलेल्या तळ्याचा गाळ गाड्यांनी भातखाचरांत जाई. त्याबरोबर तळ्यातील स्फुरद व नत्र बाहेर पडे आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळाला तेवढे अन्न कमी मिळे. स्फुरदाचे नावही न ऐकलेल्या माणसांनी ‘काढणे’ या साध्या क्रियापदाने हे साधले होते. आज वालधुनीच्या काठची बहुतेक खाचरे इमारतींखाली व कारखान्यांखाली गेली आहेत. एखाद्या तळ्याचा गाळ काढलाच, तर तो नेण्यास जवळ शेत नाही. आणि कारखान्यांचे सांडपाणी ज्यात वर्षानुवर्षे मुरले असेल, तो गाळ धातूंची तपासणी केल्यावाचून शेतात घालताही येत नाही.