अठरा दिवसांचा थकलेला शिधा

इजिप्तमधल्या थीब्जसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर तुम्ही होडीतून उतरता, तेव्हा ऊन डोंगरावर नुकतं चढू लागलेलं आहे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं २९वं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाचा मध्य. पिरॅमिड शोधू नका. गिझा इथून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे, आणि तिथला मोठा पिरॅमिड बांधून आत्ताच चौदाशे वर्षं होत आली आहेत. या माणसांनाही तो पुराणकाळातलाच वाटतो. उंट शोधू नका, ओझी गाढवं वाहतात. क्लिओपात्राचं नावही काढू नका, तिच्या जन्माला अजून जवळजवळ अकराशे वर्षं अवकाश आहे.

शेतं संपतात तिथून कोरड्या घळीकडे वळा. टेकड्यांच्या बेचक्यात भिंतीनं वेढलेलं एक गाव दिसेल. आज त्याला देर अल-मदीना म्हणतात. सत्तरेक घरं, एकमेकांना चिकटलेली, मधून एक चिंचोळी गल्ली. राजांच्या खोऱ्यात थडगी कोरणारे पाथरवट, चितारी आणि कारकून इथं बायकामुलांसह राहतात. गावाला विहीर नाही, पाणके गाढवांवरून घागरी चढवतात. कोळी, माळी, परीटसुद्धा सरकारनंच नेमून दिलेले.

एखाद्या उघड्या दारातून डोकावा. पुढच्या खोलीत विटांचा उंच ओटा, त्यावर जीभ बाहेर काढलेल्या ठेंगू बेस देवाचं चित्र. बाळंतिणीला आणि लेकरांना जपणारा देव तो. आतल्या खोलीत बसायचा कट्टा, मागं चूल, भट्टी आणि गच्चीवर जाणारा जिना. डोळ्यांत सुरमा घातलेला बाप्या जवाची बिअर पितोय, पेजेसारखी दाट. हे लोक अष्टौप्रहर मरणाचा विचार करत असतील अशी तुमची समजूत असेल, तर ती इथं जरा अडखळेल. दोष आपल्याकडे पोचलेल्या पुराव्याचा आहे. थडगी वाळवंटात, दगडात कोरली म्हणून टिकली. राहती घरं कच्च्या विटांची, बहुतेक नदीकाठी, गाळाखाली किंवा आजच्या गावांखाली गेलेली. हे गाव पाण्यापासून लांब, कोरड्या घळीत वसलं म्हणून वाचलं. आपण माणसांना त्यांच्या स्मशानावरून ओळखू लागलो आणि मग ती स्मशानवेडी असल्याचा शोध लावला.

पायाखाली चुनखडीच्या कपच्या वाजतील. एखादी उचला, त्यावर शाईनं काहीतरी खरडलेलं असेल: हिशेब, चिठ्ठी, भांडण, चेष्टेचं चित्र. मंदिरांच्या भिंतींवरची डौलदार चित्रलिपी ही नव्हे. रोजच्या वापराची, भरभर पळणारी लिपी आहे. अशीच एक मोठी कपची आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षाची, म्हणजे या गल्लीतल्या कामगारांच्या आज्या-पणज्यांच्या काळातली. तिच्यावर चाळीस कामगारांचं गैरहजेरीपत्रक आहे. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी आईच्या अंत्यविधीला गेला, कुणी बिअर गाळायला घरी राहिला. कुणाच्या घरात बायकोची वा मुलीची पाळी, म्हणून तो नाही. कारणासह रजेची नोंद होते ती नोकराची. चाबकाखाली राबवलेल्या माणसाला विंचू चावला तर त्याची नोंद ठेवायला कोण बसतं?

पण म्हणून गुलाम नव्हतेच असंही समजू नका. गावाचं धान्य दळायला सरकारनं दासी दिलेल्या आहेत. जात्याचा आवाज येतोय तो त्यांचा. युद्धात पकडून आणलेले लोक मंदिरांना वाटून दिलेले आहेत. सिनेमातले साखळदंडांचे तांडे मात्र इथं दिसणार नाहीत. ते चित्र रंगवायला पुढं हेरोडोटसचाही हातभार लागला. पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी आलेल्या त्या ग्रीकानं पिरॅमिड बांधायला लाख माणसं वेठीला धरल्याची गोष्ट लिहून ठेवली. प्रत्यक्षात गिझाच्या कामगारांची स्वतःची थडगी पिरॅमिडजवळच सापडली आहेत; गुलामांना तो मान कोण देईल?

आता आवाज चढलेत. गल्लीतले बाप्ये हत्यारं खाली ठेवून बाहेर पडताहेत. त्यांच्यामागून जा. वाटेतल्या पाच भिंती ओलांडून ते शेतांच्या कडेला, तिसऱ्या थुटमोसच्या मंदिरामागं जाऊन बसतात. भूक लागली आहे, महिन्याचे १८ दिवस गेले तरी शिधा नाही, एवढीच तक्रार. नाणी अजून जन्मलेली नाहीत, पगार धान्यातच. साध्या कामगाराला महिन्याला सुमारे ३०० लिटर मापाचा गहू आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त जव. गहूही आपल्या ओळखीचा, खपली. मुकादम आणि कारकून येतात, समजावतात, शपथा घालतात. कुणी उठत नाही. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे फारोला कळवा, वजिराला कळवा, असं ते सांगत राहतात. देवासमान राजा म्हणून प्रजा मान खाली घालून गप्प बसत असेल, हाही आपलाच ग्रह. आपली तक्रार फारोपर्यंत पोचवा, असं ते अधिकाऱ्यांना बजावताहेत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मोर्चा दुसऱ्या रामसेसच्या मंदिराकडे. सगळ्यात मजा पोलिसप्रमुख मोंतूमोसची. घरांना कुलपं लावा, बायकामुलं घेऊन या, मी स्वतः तुम्हाला पहिल्या सेतीच्या मंदिरात नेऊन बसवतो, असं तोच सांगतो. शेवटी मागच्या महिन्याचं धान्य सुटतं. ही सगळी हकिगत एका कारकुनानं, बहुधा आमेननख्तनं, पपायरसवर टिपली. ती आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला हा पहिला नोंदलेला संप.

त्याच कागदात पुढं आरोप येतो: दोघा कामगारांनी दुसऱ्या रामसेसच्या थडग्यावरचे दगड काढले. ममीच्या शापाला घाबरणारी मंडळी ही नव्हेत. पनेब नावाच्या इथल्याच मुकादमावर काही दशकांपूर्वी राजाच्या थडग्यातून चोरी केल्याचा आरोप झाला होता.

परत गल्लीत आलात तर नौनख्त भेटेल. आठ मुलांची आई. थोड्याच वर्षांनी, पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, ती न्यायसभेपुढं जाऊन सांगेल की म्हातारपणी ज्यांनी मला पाहिलं नाही त्यांना माझ्या मिळकतीत वाटा नाही. मिळकत तिची, नवऱ्याच्या नावावरची नव्हे, आणि सभा ते मान्य करील.

संपाचं म्हणाल तर तो मिटत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा कामबंद. त्यानंतरच्या महिन्यात ‘तो’ नावाचा वजीर थीब्जला येऊन राजाच्या राज्यारोहण-महोत्सवासाठी दक्षिणेकडचे देव होडीत चढवतो आणि कामगारांना न भेटताच उत्तरेला निघून जातो. जाताना निरोप ठेवतो: आणायला काही नव्हतं म्हणून आलो नाही असं समजू नका, कोठारं रिकामी आहेत, तरी सापडेल ते देतो. मिळतो अर्धा शिधा. तो घ्यावा की नको, यावरून गल्लीत वाद सुरू होतो.