झाडांची मोजणी, झोपड्यांची मोजणी

झाडांचा विषय निघाला की आपले काही कार्यकर्ते हात झटकतात. म्हणतात, हे बंगलेवाल्यांचं खूळ. आधी माणसाचं बघा. हा राग खोटा नाही. पण दोस्तांनो, त्याच्यामागचा इतिहास एकदा तपासून घेऊ.

१९७५ साली महाराष्ट्रात शहरांतली झाडं वाचवण्याचा कायदा झाला. नगरपालिका-महापालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी झाडांची गणना, परवानगीशिवाय कुऱ्हाड नाही. झाड तोडायचं तर आधी त्याच्यावर नोटीस लावायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या. कायदा चांगलाच. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७६ मध्ये, मुंबईत झोपड्यांची मोजणी झाली. त्याच वर्षी १७ मे रोजी, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी उठवली आणि हजारो माणसं चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. तिथं कसली नोटीस आणि कसल्या हरकती! मोजलं म्हणजे वाचवलं असं होत नाही, हा धडा आपण तेव्हाच शिकलो.

झाडाचीही तीच गत. २०१८ च्या सुमारास पुरी झालेली मुंबईची गणना सांगते, शहरात पावणेतीस लाखांच्या आसपास झाडं. आकडा मोठा. पण त्या झाडांच्या आसऱ्यानं कोण जगतं, हे १९७५ च्या कायद्यानं विचारलंच नाही. रस्त्याकडेला गुलमोहर लावला, तो मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष आला अमेरिका खंडातून. भराभर वाढतात, सावली देतात, तक्रार नाही. पण पाखरांचं पोट भरतं वड, पिंपळ, उंबरावर. या प्रत्येक जातीचं परागण करणारी चिलटाएवढी वेगळी माशी असते. एक झाड आज पिकतं, दुसरं पुढच्या महिन्यात. बाकी झाडं रिकामी असतात तेव्हा कोकीळ, बुलबुल, तांबट, वटवाघळं यांच्यावरच निभावतात.

तांबट वठलेल्या फांदीत भोक पाडून घर करतो. पावसाळ्याआधी छाटणीचं कंत्राट निघतं आणि ते घर पहिलं खाली येतं. फांदी माणसाच्या डोक्यात पडू नये, हे कबूल. पण जिथं खालून कुणी जात नाही, तिथं ती राहू द्यायला काय हरकत? बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायचं, मुळांना पाणी मिळू द्यायचं नाही, आणि झाड कोसळलं की वाऱ्याला दोष द्यायचा. दिल्लीत २०१३ साली हरित लवादाला सांगावं लागलं, की बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडा.

गावकीत लाकडं फोडायची वेठ आपल्या बापजाद्यांकडं होती. झाडाचा मालक वेगळा, घाम आपला. शहरात कंत्राटदाराच्या हाताखाली दोर बांधून झाडावर चढतो तो कोण? कुठली फांदी ठेवायची, हे त्याला कुणी शिकवत नाही आणि विचारतही नाही.

आणि परवानगी? २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणानंच मेट्रो कारशेडसाठी आरेतली २१८५ झाडं तोडायला मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं, तोवर २१४१ झाडं आडवी झाली होती. अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली होती. आरेच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासीही त्या लढ्यात होते. आता सांगा, हे बंगलेवाल्यांचं खूळ?

२०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. तोडलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. साठ वर्षांच्या वडाला साठ रोपं! पण रोपाला ढोली नसते. पाखरानं तोवर राहायचं कुठं? घर पाडून ‘पुढं कधीतरी देऊ’ म्हणतात, ते आपण चांगलं ओळखतो.

मग करायचं काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सक्तीची केली. त्या वहीत आपल्या वस्तीतला पिंपळ, नाल्याकाठचा उंबर लिहिला गेलाय का? जाऊन बघा. नसेल तर लिहायला लावा. झाडावर नोटीस दिसली तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. आपल्या विहाराच्या अंगणात पिंपळ आहे. त्याच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट आधी आपणच फोडू, मग पालिकेच्या दारात जाऊ.