बॅटरीवर बर्फ

परवा रविवारी एका मित्राच्या पार्किंगमध्ये त्याच्या जुन्या मारुती ८००च्या मागच्या भागात डोकं खुपसून बसलो होतो. इंजिन काढून तो तिची इलेक्ट्रिक गाडी करतोय. बॅटरीवर लक्ष ठेवणारा कोड लिहायचं काम माझ्याकडे. चार्जिंग चालू केलं, तर कडेचे सेल ३८ अंशांवर आणि मधला ५२! मी लगेच म्हटलं, "सेन्सर गंडलाय." सेन्सर बदलला. पुन्हा ५२. म्हणजे गंडलो होतो आम्हीच. सेल एकमेकांना चिकटवून बसवलेले, मग मधल्याची उष्णता जाणार कुठे?

घरी येऊन वाचत बसलो, तर कळलं की हा धडा १९६८ सालीच दोन कॉलेजांच्या पोरांनी भर रस्त्यात शिकून ठेवलाय.

झालं असं, की कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या वॉली रिपेल या विद्यार्थ्याने १९५८ची फोक्सवॅगन मिनीबस इलेक्ट्रिक केली आणि थेट एमआयटीला आव्हान दिलं: तुम्हीही गाडी बनवा, शर्यत लावू. एमआयटीवाल्यांनी शेव्हरले कॉर्वेअर घेतली. २६ ऑगस्ट १९६८ला दोघे निघाले. कॅलटेक पॅसाडिनाहून केंब्रिजकडे आणि एमआयटी बरोब्बर उलट. अंतर सुमारे ५३०० किलोमीटर, वाटेत पन्नासहून जास्त चार्जिंगची ठिकाणं.

खरी गंमत बॅटऱ्यांत आहे. रिपेलच्या बसमध्ये साध्या लेड-ॲसिड; जड, पण स्वस्त. एमआयटीकडे निकेल-कॅडमियम, कित्येक पट महाग, पण झटपट चार्ज होणाऱ्या. कागदावर एमआयटी जिंकल्यातच जमा. पण... बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. त्यात निकेल-कॅडमियम भरत आली की जास्तीची वीज नुसती उष्णतेत जाते. तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, आणि चार्जर स्थिर व्होल्टेजचा असेल तर तो आणखी करंट ढकलतो. म्हणजे आगीत तेल!

मग त्या पोरांनी काय करावं? चार्जिंगला थांबले की बॅटऱ्यांवर बर्फ! हसू नका. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. उपाय शास्त्रशुद्धच होता. फक्त तो गाडीत बसवलेला नव्हता, बाहेरून आणावा लागत होता.

कॅलटेकचंही सगळं सुरळीत नव्हतं. ॲरिझोनात त्यांची मोटर जळाली आणि नवी येईपर्यंत बस जागेवर. एमआयटी सुमारे दीड दिवस आधी पोचली, पण त्यांची गाडी ओढून न्यावी लागली होती. दंडाचे तास मोजल्यावर कॅलटेक अर्ध्या तासाने जिंकलं. स्वस्त बॅटरीवाले!

आता तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे, सोडा की. पण २००८च्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६८३१ छोटे सेल होते आणि त्यांच्यामधून थंड द्रव फिरवणाऱ्या नळ्या. रिपेलनेही पुढे टेस्लात काम केलं. याउलट २०१०च्या निसान लीफमध्ये अशी द्रवाची सोय नव्हती. २०१२मध्ये बॅटरीची क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या, त्या कुठून? त्याच तापलेल्या ॲरिझोनातून.

असो. मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. म्हटलं, सेलच्या ओळींमध्ये फट सोडू, पंखा लावू, आणि मधला सेल ४५च्या वर गेला की माझा कोड चार्जिंग बंद करेल. फटींसाठी दोन ओळी कमी कराव्या लागतील, म्हणजे रेंज घटणार. तो वैतागला. "अरे, पुण्यात कुठे ॲरिझोना?"

मी एवढंच विचारलं, "मागच्या सीटवर कोण बसणारे?"

त्याची मुलगी चार वर्षांची आहे. थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "ये रविवारी. पॅक उघडू."